वाकल्यावरही पाठीचे स्नायू सैल का पडत नाहीत? कंबरदुखी आणि क्रेटची उचल

मोहाडीकर (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ४३ वर्षे असून दिंडोरी तालुक्यात मोहाडीजवळ आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. गेल्या फेब्रुवारीत, काढणीच्या ऐन धामधुमीत, भरलेले क्रेट जमिनीवरून उचलून ट्रॉलीत ठेवताना कमरेत उसण भरली. चार दिवसांत ती सुटेल असे वाटले होते. परंतु आता ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली तरी ओणवे होऊन काही उचलायचे म्हटले की कंबर धरते. पायात कळ जात नाही, मुंग्या येत नाहीत, लघवी-शौचाची कोणतीही तक्रार नाही. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील गादी थोडी बाहेर आल्याचे लिहिले आहे.

ज्या डॉक्टरांना प्रथम दाखवले, त्यांनी पाठीचे स्नायू कमकुवत झाल्याचे सांगून कंबरपट्टा आणि स्नायू बळकट करण्याचे व्यायाम दिले. गेल्या महिन्यात नाशिकमधील एका फिजिओथेरपी केंद्रात माझ्या पाठीवर आणि पोटावर चकत्या चिकटवून, आधी नुसते वाकायला आणि मग रिकामे व अर्धे भरलेले क्रेट उचलायला लावून संगणकावर आलेख घेतला. तो पाहून तेथील थेरपिस्टनी सांगितले की माझे पाठीचे स्नायू गरजेपेक्षा जास्त काम करत आहेत आणि मी पूर्ण वाकलो तरी ते शांत होत नाहीत. भर म्हणून पुतण्याच्या व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने बजावले आहे की काहीही उचलण्यापूर्वी पोट घट्ट आवळलेच पाहिजे.

स्नायू कमकुवत असतील तर ते जास्त काम कसे करतील, आणि आधीच जास्त काम करत असतील तर त्यांना आणखी आवळून काय साधणार, हा माझा प्रश्न आहे. जानेवारीत पुन्हा काढणी सुरू होईल. तोपर्यंत नेमके काय करावे हे कोणी जाणकाराने समजावून सांगितल्यास उपकार होतील.

कणा_आणि_गती

मोहाडीकर दादा, मी गेली सोळा वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. आपले डॉक्टर आणि थेरपिस्ट या दोघांनीही चुकीचे सांगितलेले नाही. दोघे दोन निराळ्या गोष्टींबद्दल बोलत होते. स्नायू जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो आणि तो किती वेळ टिकवू शकतो, ही त्याची ताकद झाली. एखादे काम करताना तो प्रत्यक्षात किती जोर लावत आहे, ही त्याची सक्रियता झाली. ज्या मजुराला दिवसभर डोक्यावरचे ओझे खाली ठेवू दिलेले नाही, तो संध्याकाळी गळून गेलेला दिसणारच. त्यावरून तो मुळातच अशक्त आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

आता आलेखाबद्दल. निरोगी माणूस उभ्या स्थितीतून सावकाश पुढे वाकू लागला की कण्याच्या दोन्ही बाजूंचे लांब स्नायू, ज्यांना इरेक्टर स्पायनी म्हणतात, शरीराचा वरचा भाग दोर सैल सोडत जावा तसा खाली उतरवतात. पूर्ण वाकल्यावर मात्र कमरेच्या भागातील त्यांचा विद्युत आलेख जवळजवळ सपाट होतो, कारण त्या क्षणी भार मणक्यांमागील अस्थिबंध, गाद्या आणि ताणलेल्या ऊती पेलतात. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी १९५५ मध्ये ही शांतता सविस्तर नोंदवली. दीर्घकाळ कंबर दुखणाऱ्या अनेकांमध्ये ती आढळत नाही. माणूस तळाशी पोहोचतो, तरीही स्नायू दोर सोडायला तयार नसतात. आपल्या आलेखात थेरपिस्टनी हेच पाहिले असणार. हातात वजन असेल तर निरोगी माणसातही ही शांतता उशिरा, अधिक वाकल्यावर येते, म्हणून ती नुसते वाकायला लावूनच तपासतात.

दुसरी गोष्ट उचलतानाची. उचलताना कणा वर आणण्याचे मुख्य काम पाठीचे स्नायू करतात. पोटाच्या आणि बाजूच्या स्नायूंनी त्या वेळी थोडीच साथ द्यायची असते. कंबरदुखीत पुष्कळदा पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. हे समजण्यासाठी आपल्याला आपल्या बागेपलीकडे जावे लागणार नाही. मांडवाच्या खांबाला दोन्ही बाजूंनी ताणाच्या तारा दिल्या की तो हलत नाही. त्या तारा आणखी कसल्या तर खांब आणखी पक्का उभा राहतो, पण त्याच वेळी तो जमिनीत जास्त जोराने दाबलाही जातो. कण्याचे तसेच होते: डुगडुग थांबते आणि गाद्यांवरचा दाब वाढतो. दुखण्याच्या पहिल्या काही दिवसांत शरीर हा सौदा जाणून करते, आणि तो वाजवीही असतो. दुखापत भरून आल्यावरही पाठ अंग चोरतच राहिली, तर मात्र तो सौदा महाग पडू लागतो. स्नायूंना विसावा मिळत नाही, ते लवकर थकतात, आणि ठणका दुखापतीचा की थकव्याचा हे रुग्णालाही सांगता येईनासे होते.

कमकुवतपणाचा मुद्दाही खोटा नाही. मणक्यांना अगदी लागून मल्टिफिडस नावाचे आखूड, खोल स्नायू असतात. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांत असे दिसले की कंबरदुखीच्या पहिल्याच झटक्यात, दुखऱ्या बाजूचा हा स्नायू आकाराने बारीक होतो आणि दुखणे थांबल्यावरही आपोआप पूर्ववत होत नाही. म्हणजे खोलवरचे स्नायू रोडावलेले आणि वरचे लांब स्नायू राबून दमलेले, अशी दोन्ही चित्रे एकाच पाठीत असू शकतात.

आलेखवाचक

वरील स्पष्टीकरण उत्तम आहे. मी त्याला काही लगाम घालू इच्छितो. मी स्वतः जैवयांत्रिकी प्रयोगशाळेत याच प्रकारचे ईएमजी, म्हणजे स्नायूंच्या विद्युत संकेतांचे, आलेख तपासत असे आणि त्यांवर वाजवीपेक्षा अधिक भरवसा ठेवणारे लोकही पाहिले आहेत.

त्वचेवर चिकटवलेली चकती जो संकेत टिपते तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा इतका लहान असतो, आणि त्वचेखालील चरबी जाड असेल तर तो आणखी क्षीण होतो. म्हणून दोन माणसांचे कच्चे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. रुग्णाला आधी सर्व शक्तीनिशी जोर लावायला सांगतात आणि पुढचा प्रत्येक आकडा त्या कमाल जोराच्या टक्केवारीत मांडतात. गोम येथेच आहे. ज्याची कंबर दुखते तो भीतीपोटी सर्व शक्ती लावतच नाही. भाजक लहान झाला की भागाकार आपोआप मोठा येतो, आणि स्नायू 'जास्त काम करतो' असे कागदावर उमटते. त्यामुळे मोहाडीकरांनी आपल्या थेरपिस्टना एवढे जरूर विचारावे की तुलना कशाशी केली होती. पूर्ण वाकल्यावरची शांतता आहे की नाही, ही तपासणी त्या मानाने अधिक विश्वासार्ह आहे, कारण तीत रुग्णाची तुलना त्याच्या स्वतःच्याच वाकण्याच्या इतर टप्प्यांशी होते.

आणखी एक. या विषयात दोन जुनी मते आहेत. एक म्हणते की वेदनेने स्नायू आखडतो आणि आखडल्याने वेदना वाढते. दुसरे म्हणते की वेदना असताना शरीर त्या स्नायूचे काम कमीच करते. व्हॅन डीन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध अभ्यास एकत्र वाचले, तेव्हा दोन्ही मतांपैकी एकही सर्वत्र लागू पडेना. कामानुसार आणि माणसानुसार चित्र बदलत होते. बदलांमागचे सूत्र कणा स्थिर ठेवण्याचे असावे, एवढे मात्र त्यांना म्हणता आले.

उचलण्यापुरते बोलायचे तर अमेरिकेतील विल्यम मार्रास यांच्या गटाने २००१ मध्ये २२ कंबरदुखीचे रुग्ण आणि २२ निरोगी माणसे यांच्याकडून नियंत्रित पद्धतीने वजनाचे प्रयोग करून घेतले. सारख्याच बाह्य भाराला रुग्णांच्या कण्यावरचा दाब २६ टक्के जास्त आणि बाजूकडे सरकवणारा जोर ७५ टक्के जास्त निघाला. कारण तेच, परस्परविरोधी स्नायूंचे एकाच वेळी आवळणे. हे आकडे प्रत्यक्ष कण्यात यंत्र खुपसून मोजलेले नसून ईएमजीच्या आधारे गणिती प्रतिमानातून काढलेले आहेत. आणि स्नायूंच्या या वागण्यामुळे दुखणे आले की दुखण्यामुळे स्नायू असे वागू लागले, हे अशा एकवेळच्या तुलनेतून ठरत नाही.

सुरक्षा_अंबड

मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून सुरक्षा अधिकारी म्हणून निवृत्त झालो. स्नायूंवर एवढी चर्चा झाली आणि क्रेटकडे कोणी पाहिलेच नाही, याचे मला थोडे आश्चर्य वाटले.

मोहाडीकर, आपले भरलेले क्रेट साधारण २० किलोचे असेल. मांडवाखाली ओणवे होऊन ते उचलताना कमरेपासून त्याचे अंतर सहज ४० सेंमी होते. पाठीच्या स्नायूंना मात्र कण्यापासून जेमतेम ५ सेंमीचा दांडा मिळतो. तरफेचा शाळेतलाच हिशेब मांडा: २० गुणिले ४०, भागिले ५, म्हणजे केवळ क्रेटसाठी स्नायूंना १६० किलोंइतका जोर लावावा लागतो, स्वतःच्या धडाचा भार त्यात अजून धरलेलाच नाही. स्नायू कितीही शहाणे झाले तरी हा हिशेब त्यांना चुकवता येणार नाही.

कामगारांच्या सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या अमेरिकेतील नायॉश या संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेले वजन उचलण्याचे सूत्र आम्ही कारखान्यात वापरत असू. उत्तम परिस्थितीत, म्हणजे वजन अंगालगत, कमरेजवळच्या उंचीवर आणि अंग न वळवता, त्याची मर्यादा २३ किलो आहे. परिस्थिती बिघडेल तशी ती खाली येते. आपल्या क्रेटसाठी मी ते मांडून पाहिले. हात जमिनीपासून २० सेंमीवर, अंतर ४० सेंमी आणि ट्रॉलीवर जमिनीपासून १२० सेंमी उंचीपर्यंत उचलायचे असेल, तर मर्यादा सुमारे १०.४ किलो येते. तेच क्रेट एका पालथ्या रिकाम्या क्रेटवर ठेवून भरले, हात ५० सेंमीवर आले, आणि जवळ जाऊन अंतर ३० सेंमी केले, तर ती सुमारे १५.७ किलो होते. हे आकडे अधूनमधून एखादेच क्रेट उचलण्याचे आहेत. मिनिटाला दोन-तीन उचलत तासन्‌तास काम केल्यास ते आणखी घटतात. म्हणजे या हंगामात क्रेट उंचावर भरावे, १५ किलोंच्या आतच भरावे, आणि ट्रॉलीत चढवताना दोघांनी मिळून उचलावे. पॅक हाऊसवाले कुरकुर करतील, करू द्यावी.

कंबरपट्ट्याविषयी: नायॉशनेच १९९४ मध्ये सांगितले होते की निरोगी कामगारांना दुखापतीपासून वाचवण्यासाठी पट्टा द्यावा इतका पुरावा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीवर जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही नित्य उपचार म्हणून पट्टा नको असेच म्हटले आहे. आमच्याकडे पट्टा मिळाला की कामगार पूर्वीपेक्षा जड खोकी उचलू लागत, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

लासलगावचा_मास्तर

माझे वडील लासलगावच्या कांदा बाजारात तीस वर्षे हमाली करत, म्हणून दोन शब्द लिहितो. 'पाठ सरळ ठेवा, गुडघे वाकवा, उकिडवे बसून उचला' असे फलक लावणाऱ्यांनी ५० किलोंची गोणी एकदा उकिडवे बसून उचलून दाखवावी. हमाल गोणी जमिनीवरून एकट्याने उचलतच नाही. दोघे ती देतात आणि तिसरा पाठीवर घेतो. अंगालगत आणि उंचावर हे वर सांगितलेले दोन्ही नियम त्यात आपोआप पाळले जातात, सूत्र कोणालाच ठाऊक नसताना.

उसण भरली की पायाळू माणसाकडून कमरेवर लाथ मारून घ्यायची, हा उपाय वडिलांनीही केला होता. तो लागू पडला असे ते शेवटपर्यंत सांगत. मला आता असे वाटते की लाथ बसणार या धास्तीने, आणि मग बसून गेल्याच्या सुटकेने, आखडलेली कंबर क्षणभर सैल पडत असावी. परंतु हा माझा तर्क आहे, कोणी प्रयोग करू नये. शिकलेल्या माणसांना माझा प्रश्न एवढाच की गुडघे वाकवून उचलण्याचा उपदेश खरोखर कामाचा आहे काय?

आलेखवाचक

मास्तर, आपली शंका रास्त आहे. उचलण्याच्या 'योग्य' पद्धतीचे प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळते काय, याचा कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात शोध घेतला गेला आणि तसा फायदा दिसला नाही. दुसऱ्या बाजूने, विल्के यांच्या गटाने १९९९ मध्ये एका स्वयंसेवकाच्या गादीत संवेदक बसवून दाब मोजला, तेव्हा २० किलो वजन पाठ गोल करून उचलताना २.३ मेगापास्कल (हे दाबाचे एकक), गुडघे वाकवून १.७, आणि तेच वजन अंगालगत धरून उभे राहिल्यावर १.१ असे आकडे आले. माणूस एकच होता हे विसरू नये. तरीही मला यातून दिसते ते असे की गुडघे वाकवण्यापेक्षा वजन जवळ असणे महत्त्वाचे. क्रेट रुंद असेल तर गुडघे वाकवून ते उलट अंगापासून दूरच जाते.

मोहाडीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पालथ्या क्रेटची युक्ती इतकी साधी आहे की ती आजवर सुचली नाही याची लाज वाटते. थेरपिस्टना फोन करून तुलनेबद्दल विचारले. त्यांनी कमाल जोर मुद्दाम घेतलाच नव्हता, वाकण्याच्या टप्प्यांचीच तुलना केली होती असे कळले.

दोन शंका उरल्या. पोट आवळावे की आवळू नये? आणि काढणी आम्ही माल गार असताना, उजाडताच सुरू करतो. नेमका त्याच वेळी माझा ताठरपणा सर्वांत जास्त असतो. हे केवळ थंडीमुळे असेल काय?

कणा_आणि_गती

दादा, पोट आवळण्याचा सल्ला कोठून आला ते आधी सांगते. १९९६ मध्ये हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवले की निरोगी माणूस हात झटकन वर उचलतो तेव्हा पोटाचा सर्वांत खोल स्नायू हाताच्याही आधी जागा होतो, आणि कंबरदुखीच्या रुग्णांत तो उशिरा जागा होतो. तो प्रयोग रिकामा हात उचलण्याचा होता, क्रेटचा नव्हता. आणि उशीर सेकंदाच्या अगदी लहान अंशाचा होता. त्यावरून 'पोट सदैव आत खेचून ठेवा' अशी शिकवण जगभर पसरली. पुढे हे खास व्यायाम आणि इतर साधे व्यायाम यांची तुलना झाली, तेव्हा दीर्घकालीन दुखण्यात फारसा फरक निघाला नाही.

म्हणून माझे उत्तर वजनानुसार आहे. भरलेले क्रेट उचलताना पोट आपोआप घट्ट होईल, ते होऊ द्यावे. रिकामे क्रेट, पाण्याची कळशी, छाटणीची कात्री यांसाठी पोट आवळण्याचे काही कारण नाही, आणि आपला प्रश्न बहुधा याच हलक्या कामांत दडलेला आहे. पुढील सहा-आठ आठवडे रोज दोनदा असे करावे: पाय थोडे फाकवून उभे राहावे, हनुवटी छातीकडे नेत सावकाश खाली वाकावे, हात लोंबू द्यावेत, तळाशी दोन-तीन श्वास सोडताना पाठ जड होऊन खाली लोंबते आहे असे होऊ द्यावे, आणि मग तितक्याच सावकाश वर यावे. हे सहज जमू लागले की हातात दोन किलो, मग पाच, मग दहा असे वाढवत जावे. व्यायामानंतरचा ठणका दुसऱ्या सकाळपर्यंत ओसरला नाही तर एक पायरी मागे यावे. उपचारानंतर पूर्ण वाकल्यावरची ती शांतता अनेक रुग्णांत परत आल्याचे नोंदलेले आहे, म्हणून डिसेंबरात पुन्हा आलेख काढून घ्यावा असे मी सुचवते. डॉक्टरांनी दिलेले बळकटीचे व्यायामही सोडू नयेत.

गादी बाहेर आल्याच्या उल्लेखाने घाबरू नये. २०१५ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, कंबरदुखी नसलेल्या चाळिशीच्या माणसांपैकीही सुमारे निम्म्या लोकांच्या तपासणीत गादी फुगलेली दिसते. मी मुद्दाम लिहिते, कारण 'गादी सरकली' हे दोन शब्द ऐकल्यापासून वाकायचेच सोडून दिलेले रुग्ण मला दर आठवड्याला भेटतात, आणि ज्यांना वाकण्याची भीती असते त्यांचेच स्नायू तळाशी सर्वांत घट्ट असतात. मात्र पायाचा पंजा उचलता न येणे, बैठकीच्या भागात बधिरपणा, लघवीवरचा ताबा सुटणे, किंवा ताप व वजन घटणे यांपैकी काहीही दिसल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

सकाळचा ताठरपणा केवळ थंडीचा नाही. रात्रभर आडवे पडल्यावर गाद्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्याउठल्या वाकताना त्यांवर दिवसाच्या मानाने पुष्कळ जास्त ताण येतो. स्नूक यांच्या १९९८ च्या अभ्यासात, उठल्यानंतरचे पहिले काही तास कमरेतून वाकणे टाळणाऱ्या दीर्घकालीन रुग्णांचे दुखणे कमी झाले. काढणी उशिरा करा असे मी सांगणार नाही, ते आपल्या हातात नाही. शक्य असल्यास काढणीच्या दिवसांत तासभर आधी उठून चालावे, पहिल्या फेरीत आपण उभ्याने घड कापण्याचे काम घ्यावे, आणि क्रेट चढवण्याचे काम दुसऱ्या कोणाकडे देऊन उन्हे वर आल्यावर आपल्याकडे घ्यावे.

मोहाडीकर

घड कापण्याचे काम बायकांचे, क्रेटचे पुरुषांचे, अशी आमच्याकडची वाटणी आहे. या वर्षी सकाळी दहापर्यंत मी कात्री घेईन. चुलत भाऊ हसेल, पण ट्रॉलीवर दोघे लागणारच असल्याने त्यालाही जोडीदार शोधावा लागेल. डिसेंबरातला आलेख निघाला की येथेच कळवतो.